रॅपरच्या माटोळीला आलेली नोटीस

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्याच्या आमच्या घरात चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, माटोळी बाबाच बांधतात. लाकडी चौकट वर कायमचीच आहे, तिच्यावर काठ्या आडव्या-उभ्या घालायच्या आणि मग नारळांचा घोस, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड, तोरिंजन, आंबाडे, चिबूड, कांगलां, घागऱ्यो, त्या दिवसांत कुळागरात (सुपारीच्या बागेत) आणि रानात जे जे मिळेल ते एकेक करून गणपतीच्या डोक्यावर टांगायचं. लहान असताना मी आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर रानात जायचे, कुठल्या वेलीला काय लागतं आणि कधी लागतं ते त्यांना पाठ. आता त्यांचे गुडघे चालत नाहीत, त्यामुळे निम्मी माटोळी फोंड्याच्या बाजारातून विकत येते.

दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आधी मी आणि माझा भाचा कांगलां, म्हणजे माटोळीला लागणारी रानवेलीची फळं, शोधायला व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेकडेने वर गेलो. मोठा पाऊस होऊन गेलेला आणि वरून वाहून आलेलं सगळं झुडपांना अडकलेलं. कांगलां मिळाली चार. चिप्सची पाकिटं, बिस्किटांची रॅपरं, शांपूच्या पुड्या, चॉकलेटचे कागद मात्र इतके की भाचा धावत घरी जाऊन तांदळाचं रिकामं पोतं घेऊन आला आणि ते पोतं भरलं. अंगणात ओतून मोजलं तर ४१२. मी तिथे पायरीवर बसून बघत राहिले आणि मनात आलं, रान आज हेच देतंय, मग माटोळीला हेच टांगून बघायला हवं.

मी शाळेत ड्रॉइंग शिकवते. आल्तिनोच्या गोवा कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकले, प्रिंटमेकिंग करते, मोठी कलाकार वगैरे नाही पण काम मनापासून करते. ती पाकिटं मी एकेक धुतली, दोरीवर वाळत घातली. चिप्सच्या पाकिटाचा मसाल्याचा वास दोनदा धुऊनही बोटांना राहतो. आणि त्यातलं एक पाकीट मी अजून जपून ठेवलंय. त्यावर किंमत ५ रुपये आणि तारीख नऊ वर्षांपूर्वीची. कडा फाटलेल्या, आतली चांदी काळी पडलेली, अर्ध्या भागावरचा रंग उडालेला, पण मधलं ते हसणारं कार्टून, मोठे डोळे, वर केलेला अंगठा, ते जसंच्या तसं. नऊ पावसाळे खाल्ले त्याने आणि अजून हसतंय. आमच्या पंचायतीचा कचरा वेगळा करणारा मामा म्हणाला, ह्यात प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवालाही घेत नाही, असला माल शेवटी सिमेंटच्या कारखान्यात जाळायला जातो. म्हणजे पाच मिनिटांत खाऊन होणाऱ्या वस्तूला असं आवरण, जे आमच्या सगळ्यांच्या आयुष्याला पुरेल.

तर त्यातून तीन कामं झाली. एक, पाकिटांची माटोळी, खरी चौकट, खऱ्या दोऱ्या, फक्त फळांच्या जागी पाकिटं, आणि खाली रिकामा पाट. गणपती ठेवला नाही, ते मला करायचंच नव्हतं. दुसरं, एक मोठा लिनोकट, म्हणजे लिनोच्या ठोकळ्यावर कोरून छापलेलं चित्र, त्यात ते कार्टून आमच्या व्हाळात गुडघाभर पाण्यात उभं, अंगठा वर, आणि पायाशी पाकिटात अडकलेली कुर्ली (खेकडा). आणि तिसरं एक डिजिटल पोस्टर, मागे पावसाळ्यातलं हिरवंगार रान आणि झाडांना फळांसारखी लोंबणारी पाकिटं. मैत्रिणीच्या जुन्या घराच्या राजांगणात डिसेंबरमध्ये तीन दिवस मांडलं. शेजारची एक आजी आली, माटोळीखाली उभी राहिली आणि सवयीने बोट वर करून मोजायला लागली, मग थांबून मला म्हणाली, "बाय, ही घागऱ्यांची जागा ना गो?" त्या जागी शांपूच्या पुड्या होत्या. मला त्याहून मोठी दाद कुणी दिलेली नाही. लिनोचे सात प्रिंट विकले गेले, बाराशेला एक.

फोटो एका अ‍ॅपवर टाकले. तीन आठवड्यांनी सकाळी शाळेत जायच्या गडबडीत मेल बघितला, तुमची पोस्ट काढून टाकण्यात आली आहे, अमुक कंपनीच्या प्रतिनिधीने कॉपीराइटची तक्रार केली आहे, पुन्हा पुन्हा असं झालं तर अकाउंट बंद होईल. एकच पोस्ट नाही, तिन्ही कामांच्या सगळ्या पोस्ट. आणि चार दिवसांनी कुरिअरने सहा पानांची नोटीस आली, बाहेरच्या शहरातल्या मोठ्या वकिली ऑफिसची, जाड कागद, प्रत्येक पानावर शिक्का.

मी ती उभ्या उभ्याच वाचली. आमच्या अशिलाच्या पाकिटावरची चित्रं आणि कार्टून ह्यांचा कॉपीराइट त्यांचा, नाव आणि लोगो त्यांचा रजिस्टर्ड ट्रेडमार्क, तुम्ही त्याचा बेकायदा वापर करून त्यांची बदनामी केली आणि पैसे कमावले. सात दिवसांत सगळी कामं नष्ट करा, उरलेले प्रिंट आणि लिनोचा ठोकळा आमच्या हवाली करा, जाहीर माफी मागा, आणि सोबतच्या हमीपत्रावर सही करा, नाहीतर नुकसानभरपाईचा दावा आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली फौजदारी. कलम ६३ मी रात्री मोबाइलवर शोधलं. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. त्या रात्री मी झोपले नाही, खरं सांगते, नवऱ्याला उठवलंही नाही, नुसती स्वयंपाकघरात बसून राहिले.

घरात दोन मतं झाली. दीर म्हणाले सही कर, माफी माग, विषय संपव, कंपनीशी भांडून कुणाचं भलं झालंय. बाबांना फोन केला तर ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत आणि मग एकच विचारलं, "तू चोरी केलीस काय गो?"

मी नाही म्हटलं. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे 'नाही' मी नुसतं तोंडाने म्हटलंय, का नाही ते मला सांगता येत नाही. चित्र त्यांचं, ते मी वापरलं, विचारलं नाही. मग चोरी नाही ती कशी? पुढचे दोन महिने मी जे काही केलं ते खरं म्हणजे बाबांच्या ह्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी केलं.

मैत्रिणीच्या ओळखीने पणजीला एका वकीलबाईंकडे गेले. माझ्याच वयाच्या, कोर्टात बहुतेक जमिनीच्या केसेस, पण कॉपीराइटचा अभ्यास आवडीने केलेला. नोटीस त्यांनी आधी वाचलीच नाही. म्हणाल्या, "कामं आणलीस ना, ती टेबलावर मांड." माटोळी आणता आली नव्हती, तिचे फोटो मांडले, लिनोचा प्रिंट, पोस्टर, आणि ते नऊ वर्षांचं पाकीट. मग त्या म्हणाल्या, ह्या प्रत्येकात दुसऱ्याचं जे जे आहे त्यावर बोट ठेव आणि एका वाक्यात सांग की तेच का, दुसरं का चाललं नसतं.

हा प्रश्न मला कॉलेजात पाच वर्षांत कुणी असा विचारला नव्हता. लिनोचं उत्तर लगेच आलं. ते कार्टून का, तर व्हाळात तेच आहे, ते पाकीट विकण्यासाठीच बनवलंय, लहान मुलाला हसून बोलावण्यासाठी, आणि तेच हसू नऊ वर्षं चिखलात पडून आहे, मी दुसरं काल्पनिक कार्टून काढलं असतं तर ते खोटं झालं असतं. माटोळीचंही उत्तर आलं, ती तर खरीच पाकिटं, मी काही छापलेलंच नाही, विकत घेऊन खाऊन फेकलेल्या वस्तू उचलून टांगल्या. पोस्टरवर आल्यावर त्यांनी मागच्या रानावर बोट ठेवलं. "हा फोटो कुणाचा?"

मी म्हटलं नेटवरून घेतला.

"कुणाचा?"

माहीत नव्हतं. हिरवा रंग सुंदर होता म्हणून घेतला होता. "मग ह्या माणसाने तुझं काय वाकडं केलंय?" त्या चिडून नाही, अगदी साधेपणाने म्हणाल्या. तो कुणीतरी पावसात कॅमेरा सांभाळत उभा राहिलेला असणार, माझ्यासारखाच, आणि त्याच्या कामावर मला काही म्हणायचंच नव्हतं, मला फक्त सुंदर पार्श्वभूमी फुकट हवी होती. कंपनीच्या नोटिशीने मला जेवढी भीती घातली नव्हती तेवढी लाज मला त्या मिनिटाला वाटली.

त्यांनी मग अमेरिकेतल्या एका केसबद्दल सांगितलं, ती मला कायम लक्षात राहील. लिन गोल्डस्मिथ नावाच्या फोटोग्राफर बाईने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ मध्ये एका मासिकाने ४०० डॉलर देऊन तो एकदाच चित्रासाठी आधार म्हणून वापरायला घेतला, चित्र केलं प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉलने. पण वॉरहॉलने त्यावरून आणखी बरीच चित्रं करून ठेवली होती, आणि २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर त्यातलं एक वॉरहॉलच्या फाउंडेशनने मासिकाला १० हजार डॉलरला दिलं, बाईंना एक पैसा नाही की नाव नाही. मे २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन असा निकाल बाईंच्या बाजूने दिला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की दुसऱ्याच्या कामावर भाष्य करण्यासाठी ते घेणं वेगळं, आणि त्याच कामासाठी तेच बाजारात विकणं वेगळं, नुसती शैली बदलली म्हणून सूट मिळत नाही. गंमत बघा, सूपच्या डब्यांची चित्रं काढून बाजारू संस्कृतीबद्दल बोलणारा म्हणून आम्हाला कॉलेजात शिकवलेला हाच तो वॉरहॉल. तिथल्या न्यायाधीशांनीसुद्धा त्या डब्यांच्या चित्रांचा वेगळा उल्लेख केला, ती त्या डब्याच्या लोगोवरच काहीतरी म्हणतात म्हणून. मला तर वाटलं आमच्या टेबलावरच्या लिनो आणि पोस्टरबद्दलच चाललंय.

पण तो अमेरिकेचा कायदा, तिथे 'फेअर यूज' म्हणतात आणि कोर्टाला बराच मोकळेपणा आहे. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा, त्याचं कलम ५२, आणि शब्द 'फेअर डीलिंग'. आपल्याकडे यादी ठरलेली आहे. खाजगी वापर आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन, असं. 'विडंबन' हा शब्द त्या कलमात नाही. ज्या देशात विडंबनाची एवढी जुनी परंपरा आहे, जिथे तियात्रात, म्हणजे आमच्या कोकणी नाटकात, कांतार (गाणं) गाऊन मंत्र्यांना तोंडावर ऐकवतात आणि समोर बसलेले मंत्रीही हसतात, तिथल्या कायद्यात विडंबनाला स्वतःचं नाव नाही हे मला खरंच खटकलं. शिवाय टीका म्हणजे 'त्या कामावर किंवा दुसऱ्या एखाद्या कामावर' टीका असं कलमात आहे. म्हणजे मी नुसतं म्हटलं की मी उपभोगाच्या संस्कृतीवर टीका करते, तर संस्कृती हे काही कायद्याच्या अर्थाने 'काम' नव्हे. मला दाखवावं लागणार होतं की मी त्या पाकिटावरच्या चित्रावर, त्या डिझाइनवर टीका करते. आणि ते पाकिटावरचं चित्र कायद्याने कलाकृतीच, तिथे दर्जा बघत नाहीत. माझा लिनो आणि त्यांचं कार्टून कायद्यापुढे सारखे.

वकीलबाईंनी दोन निकाल काढले. एक केरळ हायकोर्टाचा, १९९६, सिव्हिक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा. एका गाजलेल्या जुन्या राजकीय नाटकाला उत्तर म्हणून दुसऱ्याने प्रतिनाटक लिहिलं, त्यात मूळ नाटकातली पात्रं आणि काही संवाद घेतले. कोर्टाने बघितलं, घेतलं किती आणि त्यावर भाष्य किती, कशासाठी घेतलं, आणि नवं नाटक जुन्याचं गिऱ्हाईक पळवेल का. प्रतिनाटकाला परवानगी मिळाली. माझा लिनो बघून कुणी चिप्स खायच्या ऐवजी लिनो खाणार नाही, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं.

दुसरा दिल्ली हायकोर्टाचा, जानेवारी २०११, टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे म्हणून ग्रीनपीस ह्या पर्यावरणवादी संस्थेने पॅकमन ह्या जुन्या व्हिडिओ गेमसारखा ऑनलाइन गेम केला, कासवं आणि त्यांच्या मागे लागलेला टाटांचा लोगो. टाटांनी १० कोटींचा दावा लावला आणि तातडीची मनाई मागितली, ती कोर्टाने दिली नाही. ट्रेडमार्कवर टीका करण्यासाठी, अगदी हल्ला करण्यासाठी जरी तो वापरला, तरी तेवढ्याने तो भंग होतोच असं नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. हे ऐकताना मला मोरजी आठवली, तिथे हीच कासवं किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, शाळेची सहल घेऊन मी तिथे गेलेय, मुलं दोरी बांधलेल्या घरट्याभोवती श्वास रोखून उभी होती. कायद्याच्या पुस्तकात मोरजीचं कासव भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

आणि कलम ६३ बद्दल त्या म्हणाल्या, पूर्ण वाचलंस का? मी वाचलं नव्हतं. धंद्यात फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्टाला कारण नोंदवून किमान शिक्षेपेक्षाही कमी शिक्षा देता येते असं तिथेच पुढे आहे, आणि मुळात भंग सिद्ध झाला तरच ना. शिवाय कलम ६० आहे, कुणी बिनबुडाची धमकी देत असेल तर धमकी मिळालेला माणूसच कोर्टात जाऊन ती थांबवायला सांगू शकतो. ट्रेडमार्कच्या कायद्यातही तसंच कलम १४२ आहे. नोटिशीत ह्यातलं अक्षर नव्हतं. नोटीस ही घाबरवण्यासाठीच लिहिलेली असते हे मला कळत होतं तरी घाबरायला झालंच, आणि माझ्या ठिकाणी कुणी कॉलेजातलं पोर असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी सही करून ठोकळा पाठवून दिला असता, ह्याचा मला आजही राग येतो.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या. पोस्टर मी स्वतःहून मागे घेतलं. फोटोवरून नेटवर शोध घेऊन त्या फोटोग्राफरला गाठलं, सगळं जसंच्या तसं लिहिलं, माफी मागितली, आणि पोस्टरच्या दोन प्रती विकल्या होत्या त्याचे पैसे पाठवते म्हटलं. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, त्याने पैसे घेतले आणि म्हणाला पुढच्या वेळी आधी विचार, बहुतेक हो म्हणेन. बस.

दुसरं, त्या अ‍ॅपला उलट नोटीस. ह्याचा फॉर्म अमेरिकी कायद्यावर बेतलेला. त्यात शपथेवर लिहायचं की माझं काम चुकीने काढलंय असं मी प्रामाणिकपणे मानते, खरं नाव, घरचा पत्ता, फोन, आणि अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मला मान्य आहे. पत्ता थेट कंपनीकडे जातो. फोंड्यातल्या घरात बसून अमेरिकेच्या कोर्टाला हो म्हणायचं ह्या ओळीवर माझा हात दोन दिवस अडला. कारण लिहायच्या चौकोनात मी आधी लांबलचक भाषण लिहिलं होतं, पर्यावरण, मुलांचं आरोग्य, सगळं. वकीलबाईंनी ते सगळं खोडायला लावलं आणि टेबलावर मी बोललेलं तेच लिहायला सांगितलं. हे कार्टून मी घेतलं कारण माझी टीका ह्याच कार्टूनवर आहे. माटोळीत छापील नक्कल नाही, मूळ पाकिटं आहेत. एवढंच. नियम असा की तक्रारदाराने मधल्या काळात कोर्टात केस घातली नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत पोस्ट परत लावायची. आपल्याकडे २०१३ च्या कॉपीराइट नियमांतही असंच काहीसं आहे, तक्रार आल्यावर ३६ तासांत काढायचं आणि तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर परत लावायची मोकळीक. त्याचाही उल्लेख त्यांनी पत्रात करून ठेवला.

तिसरं, नोटिशीला उत्तर, रजिस्टर पोस्टाने. आणि ह्यात हमीपत्राचा मुद्दा मी स्वतः हट्टाने घातला. कारण त्या हमीपत्रात एक ओळ होती, की मी भविष्यात कंपनीच्या कुठल्याही उत्पादनाचं कोणत्याही स्वरूपात चित्रण करणार नाही. मी ही ओळ रात्री कितीदा वाचली असेन. माझ्या व्हाळाचं खरं चित्र काढायचं तर त्यात ते पाकीट येणारच. मी ते तिथे ठेवलेलं नाही. ते माझ्या व्हाळात, माझ्या रानात, भाच्याच्या दप्तरात, बसस्टॉपवर, देवळाच्या मागे न विचारता येऊन पडलंय, आणि आता जे दिसतं ते काढायचं तर त्याची परवानगी घ्यायची? बाकी सगळ्यावर मी एकवेळ वाटाघाट केली असती. ह्या ओळीवर सही करणं म्हणजे माझ्या गावाकडे बघणंच बंद करणं होतं. वकीलबाईंनी ते कायद्याच्या भाषेत नीट बसवलं, पण शब्द बरेचसे माझेच ठेवले.

मग वाट बघणं. ह्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, शाळा, पेपर तपासणं, दारावर बेल वाजली की पोटात गोळा. मध्येच मी टॉम फोरसाइथ नावाच्या अमेरिकी फोटोग्राफरबद्दल वाचलं, ज्याने बार्बी बाहुल्या मिक्सरमध्ये आणि ओव्हनमध्ये घालून फोटो काढले होते, बाजाराने बाईची काय वस्तू करून ठेवलीय ते दाखवायला. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने १९९९ मध्ये केस घातली. त्या सगळ्या फोटोंतून त्याची एकूण कमाई होती ३,६५९ डॉलर, आणि त्यातली निम्मी तरी विक्री मॅटेलच्याच तपासनीसांनी केलेली खरेदी. वकिलांनी फी न घेता त्याची केस लढवली. २००३ मध्ये अपील कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी कंपनीला त्याच्या वकिलीचा खर्च म्हणून १८ लाख डॉलरहून जास्त द्यायला लावले. सगळ्यांना हा शेवटचा आकडा आवडतो. मला त्यातली पाच वर्षं दिसली. तो जिंकला, पण पाच वर्षं एक माणूस मिक्सरमधल्या बाहुलीच्या फोटोचा जबाब देत बसला. माझे सात प्रिंट, आठ हजार चारशे रुपये. वकीलबाईंनी फी निम्मीच घेतली तरी ती त्याहून बरीच जास्त झाली.

बाराव्या कामकाजाच्या दिवशी पोस्ट परत आल्या. काही निरोप नाही, नुसता एक मेल. पोस्टर सोडून बाकी सगळं जिथे होतं तिथे, आजीचं बोट वर असलेल्या फोटोसकट. नोटिशीच्या उत्तराला पाच आठवड्यांनी दोन ओळी आल्या, आमच्या अशिलाचे सर्व हक्क राखून ठेवले आहेत. तुमचं बरोबर आहे असं कुठेही नाही, आमचं चुकलं असंही नाही. वकीलबाई म्हणाल्या ह्याचा अर्थ आत्ता तरी ते कोर्टात जाणार नाहीत, पण कागद सगळे जपून ठेव. एका फाइलमध्ये ठेवलेत, ते पाकीटही त्यातच, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये.

त्या रविवारी गावी गेले. बाबा पडवीत सुपारी सोलत बसले होते. मी त्यांना सांगितलं, "दोन ठिकाणी नव्हती केली, एका ठिकाणी केली होती." त्यांनी सुपारी खाली ठेवली. मग लिनोचं, माटोळीचं, त्या फोटोवाल्याचं, सगळं सांगितलं, पैसे पाठवले तेही. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मग रानाचा फोटो तुझा तू का नाही काढलास? रान काय लांब आहे?"

पावसात गेलो आम्ही, मी आणि भाचा, आणि बाबा फोनवर. नेटवर्क जातं-येतं, ते पलीकडून ओरडून सांगताहेत, मोठ्या खडकाच्या वरून डावीकडे वळ, तिथे जुनी वेल आहे बघ. चढताना पाय घसरून माझा कॅमेरा चिखलाने भरला, पण वेल होती. तिला आठ-दहा कांगलां लागलेली, लालचुटूक, आणि खालच्या फांदीला एक चांदीसारखं चमकणारं पाकीट अडकलेलं. मी दोन्ही एकाच फ्रेममध्ये घेतलं. नव्या पोस्टरला मागचं रान तेच आहे.